घाना देशातील नभोवाणी

आफ्रिका खंडाचा नकाशा पुढे घ्या आणि त्याच्या पश्चिमेकडील मोठ्या फुगवट्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवा. गिनीच्या आखातास लागून, पश्चिमेस आयव्हरी कोस्ट, पूर्वेस टोगो व उत्तरेस बुर्किना फासो ह्यांच्या मध्ये घाना नावाचा देश आपणांस आढळेल. विस्ताराने तो आपल्या महाराष्ट्राहूनही लहान आहे. ६ मार्च १९५७ पर्यंत त्याचे नाव गोल्ड कोस्ट, म्हणजे सुवर्णकिनारा, असे होते. कारण युरोपीय व्यापारी तेथे प्रथम गेले ते सोन्याच्या लोभाने. पुढे त्या भूमीत कोकोची लागवड एवढी वाढली की, आपण जे चॉकलेट आवडीने खातो त्याचा कच्चा माल पुरविणाऱ्या देशांत तिची गणना अग्रभागी होऊ लागली. अक्रा ही तेथील राजधानी. त्या देशात नभोवाणी कशी आली, ती प्रथम कोणाच्या मुखाने बोलली आणि पुढे कोणाच्या मुखाने बोलू लागली, ह्याची हकीकत ह्या लेखात सांगावयाची आहे. एवढ्या दूरच्या देशातील नभोवाणीशी आपला काय संबंध, अशी शंका कोणास आल्यास त्याने थोडा धीर धरावा. ह्या हकीकतीत नाशिक येईल, पुणे येईल, आणि कोकणातील घरांवरची कौलेही येतील.

१९ डिसेंबर १९३२ रोजी लंडनच्या बी. बी. सी. संस्थेने आपल्या साम्राज्यातील दूरदूरच्या प्रदेशांसाठी लघुलहरींवरून ध्वनिक्षेपण सुरू केले. इंग्लंडातील डॅव्हेंट्री ह्या गावी त्याची प्रक्षेपक यंत्रे होती. तेथून निघालेला आवाज आफ्रिकेपर्यंत पोहोचे खरा, परंतु तो ऐकावयाचा कोणी? लघुलहरी पकडणारा चांगला रेडिओ त्या काळी सामान्य माणसाच्या ऐपतीच्या पलीकडे होता. वीज थोड्याच शहरांत होती. आणि यंत्र असले तरी आवाज एकदा मोठा, एकदा क्षीण, मध्येच खरखरीत बुडालेला असा येई. ही अडचण दूर करण्याचे मनावर घेतले ते सर आर्नोल्ड हॉडसन ह्या गव्हर्नराने. हे गृहस्थ १९३४ साली सुवर्णकिनाऱ्यावर आले. त्यापूर्वी ते सिएरा लिओन येथे गव्हर्नर असता तेथील फ्रीटाऊन शहरात त्यांनी हाच उद्योग करून पाहिला होता. नाटकांची व करमणुकीची त्यांस मोठी हौस. लोकही त्यांस कौतुकाने 'सूर्यप्रकाश गव्हर्नर' म्हणत. एफ. ए. डब्ल्यू. बायरन नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या साह्याने त्यांनी ३१ जुलै १९३५ रोजी अक्रा येथे नभोवाणी केंद्राचे उद्घाटन केले. त्याचे सांकेतिक नाव 'झेड्. ओ. वाय्.' असे होते. त्या वर्षी बादशहा पंचम जॉर्ज ह्यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव साजरा होत होता, त्याचेही हे एक निमित्त होते.

ह्या केंद्रास नभोवाणी म्हणावे किंवा नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याने अवश्य विचारावा. कारण त्याचा आवाज नभातून घरोघर जात नव्हता, तारेतून जात होता. रचना अशी होती: शहरातील एका ठिकाणी मोठे ग्राहक यंत्र बसवून त्यावर लंडनचे कार्यक्रम पकडावयाचे, तो विद्युत्‌संदेश वर्धक यंत्राने बळकट करावयाचा, आणि मग रस्त्याकडेच्या खांबांवरून तारा नेऊन तो वर्गणीदारांच्या घरी पोहोचवावयाचा. वर्गणीदाराच्या भिंतीवर एक लाकडी पेटी असे व तिच्यात ध्वनिवर्धक. पहिल्या दिवशी अक्रा शहरात असे सुमारे ३०० वर्गणीदार होते. पेटी स्वस्त पडे, आवाज स्वच्छ येई, घरात वीज असण्याचेही कारण नव्हते. लवकरच केप कोस्ट, सेकोंडी, कुमासी, कोफोरिडुआ इत्यादी शहरी अशाच तारा पसरल्या.

परंतु ह्या सोयीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. रेडिओ बाळगणारा मनुष्य खुंटी फिरवून हवे ते केंद्र लावू शकतो. पेटीवाल्यास ती मुभा नसे. आवाज लहानमोठा करणे किंवा बंद करणे एवढेच त्याच्या हाती. तारेच्या दुसऱ्या टोकास बसलेला अधिकारी जे सोडील ते ऐकावयाचे. आपल्या गावी नळाचे पाणी येते तेव्हा ते कोणत्या तलावाचे असावे हे आपण ठरवीत नाही, तसाच हा प्रकार होता. हॉडसन साहेबांचा हेतू चांगला होता, ह्याविषयी मला शंका नाही. बातम्या, करमणूक व संगीत सर्वांच्या घरी पोहोचावे, लोकांचे एकलकोंडेपण व अज्ञान हटावे, आणि देशी संगीतासही उत्तेजन मिळावे, अशी त्यांची इच्छा त्यांनी बोलून दाखविली होती. तथापि आरंभीच्या काळात त्या पेट्यांतून निघणारा आवाज बहुतांशी लंडनचा होता व त्याची भाषा इंग्रजी होती. ज्या देशात इंग्रजी जाणणारे शेकड्यात थोडे, त्या देशात ही योजना मूठभर सुशिक्षितांपुरतीच राहिली असती.

तिला लोकांच्या भाषा शिकविल्या त्या युद्धाने. १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. युद्ध कशासाठी चालले आहे, सैन्यात का भरती व्हावे, कोको कोणी विकत घ्यावा, अफवांवर विश्वास का ठेवू नये, हे सर्व शेतकऱ्यास व कोळ्यास इंग्रजीत सांगून काय उपयोग? गरज पडली तेव्हा सरकारास लोकांची मातृभाषा आठवली. त्वी, फान्ते, गा व एवे ह्या भाषांत बातम्या सुरू झाल्या. पुढे हौसा भाषेची त्यांत भर पडली. १९४० साली अक्रा येथे नवे नभोवाणीगृह बांधून तेथे एक लहानसे प्रक्षेपक यंत्र बसविण्यात आले, व अक्राचा स्वतःचा आवाज प्रथमच तारेवाचून आकाशात गेला. सभोवतालच्या फ्रेंच वसाहती त्या समयी जर्मनीपुढे नमलेल्या व्हिशी सरकारच्या ताब्यात होत्या. त्यांना उद्देशून अक्राहून फ्रेंच भाषेतही ध्वनिक्षेपण होऊ लागले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट पाहू. बातमी वाचावयाची म्हणजे ती आधी लिहावयास हवी. आणि लिहावयाची म्हणजे त्या भाषेस लिपी, शुद्धलेखन व शब्दकोश हवा. त्वी, गा व एवे ह्या भाषांस ही सामग्री कोठून मिळाली? ती मिशनऱ्यांनी व त्यांच्या आफ्रिकन सहकाऱ्यांनी सुमारे पाऊणशे वर्षे आधी तयार करून ठेवली होती. स्वित्झर्लंडातील बासेल मिशनचे पहिले चार तरुण १८२८ साली त्या किनाऱ्यावर उतरले व थोड्याच वर्षांत चौघेही तेथील रोगट हवेस बळी पडले. तरी मागून दुसरे आले. त्यांच्यापैकी योहानेस झिमरमान ह्यांच्या परिश्रमाने गा भाषेतील पवित्र शास्त्र १८६६ मध्ये पुरे झाले. योहान गॉटलिब क्रिस्टालर ह्यांनी त्वी भाषेतील बायबल १८७१ मध्ये, व्याकरण १८७५ मध्ये व कोश १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याखेरीज त्या भाषेतील सुमारे ३,६०० म्हणी जमवून छापल्या. ह्या कामी डेव्हिड असांते व थिओफिलस ओपोकू ह्या त्या देशीच्या विद्वानांचा हात होता, हे सांगावयास इतिहासकार पुष्कळदा विसरतात. एवे भाषेत असेच कार्य जर्मनीतील ब्रेमेन मिशनने केले.

बासेल मिशन हे नाव आपणांस अगदीच परके वाटू नये. हीच संस्था १८३४ साली आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळूर येथे आली. हेर्मान गुंडर्ट ह्यांचा मल्याळम कोश व फर्डिनांड किट्टेल ह्यांचा कानडी कोश ही तिच्याच सेवकांची कामगिरी. १८६५ मध्ये तिने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि कोकणात ज्यांस 'मंगलोरी कौले' म्हणतात त्यांची परंपरा तेथून निघाली. तात्पर्य, अक्राच्या पेटीतून त्वी भाषेत बातमी वाचणाऱ्याच्या हातातील कागद आणि आपल्याकडील कित्येक घरांवरचे छप्पर ह्यांचे मूळ एकाच संस्थेकडे जाते. क्रिस्टालर ह्यांनी जेव्हा एकेक शब्द टिपून घेतला, तेव्हा तो कधी काळी विजेच्या बळावर घरोघर ऐकू जाईल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. प्रेषितांच्या कृत्यांत पन्नासाव्या दिवसाच्या सणाची जी कथा आहे, तीत जमलेला प्रत्येक मनुष्य आपापल्या जन्मभाषेत ऐकू लागल्यावर चकित होतो. युद्धकाळी अक्रात पहिल्याने आपल्या भाषेतील बातम्या ऐकणाऱ्या एखाद्या वृद्ध गा कोळ्याचे आश्चर्य त्याच जातीचे असले पाहिजे.

ज्यांना भरतीची हाक ऐकू गेली त्यांपैकी हजारो तरुण सैन्यात गेले, आणि त्यांतील पुष्कळ जण हिंदुस्थानात आले. पश्चिम आफ्रिकेची ८१ वी डिव्हिजन १९४३ साली मुंबई बंदरात उतरली व ब्रह्मदेशाच्या जंगलात लढावयास जाण्यापूर्वी तिने नाशिकच्या परिसरात तयारी केली. तीत गोल्ड कोस्टचे शिपाई होते. युद्ध स्वातंत्र्यासाठी आहे, असे त्यांस सांगण्यात आले होते. परतल्यावर त्यांनी आपल्या स्वातंत्र्याविषयी विचारणा केली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अशा निवृत्त शिपायांच्या निःशस्त्र मिरवणुकीवर अक्रा येथे गोळीबार होऊन तिघे ठार झाले, शहरात दंगल उसळली, आणि तेथून पुढे त्या देशाच्या राजकारणास निराळाच वेग आला. क्वामे एन्क्रुमा हे त्यातून पुढे आलेले पुढारी. १९५२ साली ते पंतप्रधान झाले.

आता सत्ता हळूहळू देशी लोकांच्या हाती येत होती, तेव्हा नभोवाणी कोणत्या स्वरूपाची असावी हा प्रश्न उपस्थित झाला. १९५३ मध्ये ह्याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली व १९५४ साली 'गोल्ड कोस्ट ब्रॉडकास्टिंग सिस्टिम' ह्या नावाने नभोवाणीस सरकारी माहितीकार्यापासून वेगळे काढून स्वतंत्र खाते करण्यात आले. कार्यक्रम वाढले, शाळांसाठी पाठ सुरू झाले, नाटके, गोष्टी, देशी गाणी ह्यांस जागा मिळाली. तथापि ते खाते सरकारचेच राहिले. बी. बी. सी.चा कारभार सनदेने स्थापलेल्या मंडळाकडे असतो व मंत्र्यास त्यात सहसा हात घालता येत नाही. ज्या इंग्रजांनी स्वदेशी ही पद्धत चालविली, त्यांनीच वसाहतीत मात्र सर्व दोऱ्या सचिवालयात ठेवल्या. मला वाटते, पुढील पुष्कळ अनर्थाचे बी येथेच पेरले गेले. कारण नव्या राज्यकर्त्यांस तयार लगाम आयताच हाती आला.

६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला व त्याने प्राचीन आफ्रिकन साम्राज्याचे घाना हे नाव घेतले. नभोवाणीनेही आपली खूण बदलली. बातम्यांपूर्वी अक्राहून आता एका नगाऱ्याचा नाद ऐकू येऊ लागला. हा नगारा म्हणजे 'अतुम्पान'. तो नेहमी जोडीने असतो. एक उंच स्वराचा व एक खर्जाचा. पहिला मादी व दुसरा नर मानतात. अकान भाषा स्वरप्रधान आहे. म्हणजे तेच अक्षर उंच सुरात उच्चारले तर एक अर्थ होतो व नीच सुरात उच्चारले तर दुसरा. त्यामुळे कुशल वादक त्या दोन नगाऱ्यांवर बोलण्यातील चढउतार व लय हुबेहूब उमटवितो आणि ऐकणाऱ्यास शब्द कळतात. एकाच शब्दाचे चढउतार दुसऱ्याही शब्दास लागू पडू शकतात, म्हणून वादक एकटा शब्द न वाजविता ठरीव लांब वाक्ये वाजवितो, व संदर्भाने अर्थ निश्चित होतो. राजाच्या दरबारात पूर्वजांची नावे घेणे, लोकांस एकत्र बोलाविणे, संकटाची सूचना देणे ही कामे हे नगारे शतकानुशतके करीत आले. त्या देशचे थोर संगीतशास्त्रज्ञ जे. एच. क्वाबेना एन्केटिया (१९२१–२०१९) ह्यांनी ह्या विद्येचा सखोल अभ्यास करून ठेवला आहे. नभोवाणीवरील नगारा जे बोले त्याचे शब्द 'घाना मुन्तिए' असे होते. अर्थ, 'घाना, ऐका'. लंडनच्या घड्याळाचे टोल ऐकून ज्यांचे कान तयार झाले होते, त्यांस ह्या तीन क्षणांच्या नादाने काय वाटले असेल ह्याची कल्पना आपल्यासारख्यांनी सहज करावी.

एन्क्रुमा ह्यांस नभोवाणीचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते. १९६१ मध्ये त्यांनी परराष्ट्रीय विभाग उघडला, व इंग्रजी, फ्रेंच, अरबी, हौसा, स्वाहिली, पोर्तुगीज इत्यादी भाषांत अक्राचा आवाज जे आफ्रिकन देश अद्याप परतंत्र होते त्यांच्यापर्यंत जाऊ लागला. पूर्वी दुसऱ्याचा आवाज तारेतून घेणारे केंद्र आता दुसऱ्यांस धीर देऊ लागले. ह्याच सुमारास ट्रान्झिस्टर आला. बॅटरीवर चालणारा हा लहान रेडिओ कोकोच्या मळ्यातही नेता येई, त्यामुळे तारेच्या पेटीचे दिवस भरले. तेमा येथे जपानच्या सान्यो कंपनीच्या भागीदारीत रेडिओ जुळविण्यात येत, व त्यांचे नाव 'अकासानोमा' असे ठेवले होते. त्याचा अर्थ 'बोलणारा पक्षी'. ३१ जुलै १९६५ रोजी, म्हणजे पहिल्या केंद्रास बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, दूरचित्रवाणीही सुरू झाली. तिच्या आद्य संचालिका अमेरिकेतील निग्रो लेखिका शर्ली ग्रॅहम ह्या होत्या. थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस ह्यांच्या त्या पत्नी. हे साधन पोरकट करमणुकीसाठी नसून शिक्षणासाठी आहे, असे एन्क्रुमा ह्यांनी उद्घाटनसमयी बजावले.

हेतू थोर होता. पण १९६४ साली देशात एकच पक्ष कायदेशीर ठरविण्यात आला, आणि नभोवाणीवर विरोधी मत ऐकू येण्याची आशा संपली. पेटीची तार तुटली तरी दुसऱ्या टोकाचा अधिकारी तेथेच होता. त्याचा वर्ण बदलला होता एवढेच.

ह्याच काळातील एक प्रयोग मात्र मला सर्वांत हृद्य वाटतो, आणि तो आपल्या घरचा आहे. १९५६ साली युनेस्को व आकाशवाणी ह्यांनी मिळून त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत 'नभोवाणी शेतकरी मंडळे' चालविली. मूळ कल्पना कॅनडाची. गावातील दहावीस मंडळी ठरल्या वेळी रेडिओभोवती बसत. शेतीचा, आरोग्याचा किंवा गावकीचा एखादा कार्यक्रम ऐकत. मग त्यावर चर्चा करीत. आणि शंका व अनुभव लिहून नभोवाणी केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमात त्यांस उत्तर मिळे. एकंदर वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांच्या ज्ञानात भर पडली काय, ह्याची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली, व अनुभव उत्साहवर्धक ठरला. असाच प्रयोग १९६४–६५ मध्ये युनेस्को व कॅनडा ह्यांच्या साह्याने घानाच्या पूर्व विभागातील खेड्यांत अकान भाषेत झाला. नगरच्या व सातारच्या शेतकऱ्यांनी जे करून दाखविले होते त्याचा अनुभव तेथील मंडळींच्या पाठीशी होता. ह्या प्रयोगाचे मर्म हे की, खेडुताने ऐकावे आणि बोलावेही. नभोवाणीचे यंत्र स्वभावतः एकतोंडी आहे. त्याला कान लावण्याची ही युक्ती होती. इतिहासाच्या पुस्तकांत बंडांना पाने मिळतात व ह्या मंडळांना ओळही मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

बंडांविषयी मी थोडक्यात सांगतो. २४ फेब्रुवारी १९६६ च्या सकाळी, एन्क्रुमा चीनमध्ये असता, कर्नल ई. के. कोटोका ह्यांनी नभोवाणीवरून जाहीर केले की, सैन्य व पोलीस ह्यांनी सत्ता हाती घेतली आहे. लोकांस ही वार्ता कळली ती त्यांच्याच रोजच्या रेडिओवरून. त्यानंतर १९७२ साली, १९७९ साली व १९८१ च्या शेवटच्या दिवशी पुनः बंडे झाली, आणि प्रत्येक वेळी बंडवाल्यांची पावले नभोवाणीगृहाकडे वळली. कारण ज्याच्या हाती ते केंद्र तो राज्यकर्ता, अशी समजूत लोकांच्या मनात दृढ झाली होती. ४ जून १९७९ रोजी तर एकाच दिवसात त्या केंद्रावरून प्रथम बंडवाल्या शिपायांतर्फे फ्लाइट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्स ह्यांचा व नंतर सरकारपक्षी सेनापतीचा, असे परस्परविरोधी आवाज ऐकू आले. तो सेनापती त्याच दिवशी चकमकीत मारला गेला. ज्या घरी रेडिओ चालू होता तेथील माणसांनी त्या दिवशी कोणाचे खरे मानावे? १९६८ साली एका हुकुमान्वये 'घाना ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन' ही महामंडळाच्या रूपाने स्थापन झाली होती, म्हणजे कागदोपत्री ती आता सरकारी खाते नव्हती. तरी लष्करी अमलात संचालक नेमणारे व काढणारे हात बदलले नाहीत.

खरा पालट १९९२ च्या राज्यघटनेने केला. तिचा बारावा अध्याय सर्वस्वी वृत्तसाधनांच्या स्वातंत्र्यास वाहिलेला आहे. त्यातील १६३ व्या कलमात सरकारी मालकीच्या सर्व वृत्तसाधनांनी भिन्न व विरोधी मतांस न्याय्य संधी दिली पाहिजे, असे स्पष्ट बंधन घातले आहे. आणि अशा संस्थांची नियामक मंडळे नेमण्याचा अधिकार सरकारकडून काढून एका स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाकडे सोपविला आहे. हा आयोग १९९३ मध्ये अस्तित्वात आला. १९५४ साली जे व्हावयास हवे होते, ते असे जवळजवळ चाळीस वर्षांनी झाले.

तरी आकाश खुले झाले ते भांडूनच. १९९४ च्या अखेरीस 'रेडिओ आय' नावाचे एक खाजगी केंद्र परवान्यावाचून अक्रात सुरू झाले. घटनेप्रमाणे परवान्याची गरज नाही असे चालकांचे म्हणणे. सरकारने पोलीस पाठवून यंत्रसामग्री जप्त केली. लोक रस्त्यावर आले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि पुढील वर्षापासून खाजगी केंद्रांस रीतसर परवाने मिळू लागले. १९९५ मध्ये 'जॉय' हे केंद्र निघाले. १९९९ मध्ये निघालेल्या 'पीस' ह्या केंद्राने आपला बहुतेक कार्यक्रम अकान भाषेत ठेवला, व त्यास एवढा श्रोतृवर्ग मिळाला की, इंग्रजीवाचून प्रतिष्ठा नाही असे मानणारे व्यापारी जाहिराती घेऊन त्याच्या दाराशी गेले. टॅक्सीवाला, बाजारातील विक्रेती, शिंपी हे दूरध्वनीवरून मंत्र्यांस प्रश्न विचारू लागले. त्या देशात २००० सालच्या निवडणुकीने सत्तांतर शांततेने घडून आले. त्याचे पुष्कळसे श्रेय जाणते लोक ह्या केंद्रांस देतात, कारण मतदानकेंद्रांवरचे आकडे तेथल्या तेथे उघड सांगितले गेल्यावर मागून त्यांत फेरफार करणे कठीण होते.

मग सार्वजनिक नभोवाणीचे प्रयोजन उरले काय? माझ्या मते उरले, आणि ते भाषांच्या ठायी आहे. घानात चाळिसांहून अधिक भाषा बोलल्या जातात. जाहिरातदार ज्या भाषेत गिऱ्हाईक पुष्कळ त्या भाषेकडे जातो. अकानला तो मिळाला. पण उत्तरेकडील दगबानीचे काय, किंवा नैर्ऋत्य कोपऱ्यातील नझेमाचे काय? अकान, एवे, गा, हौसा, दगबानी व नझेमा ह्या सहा भाषांत राष्ट्रीय बातम्या देण्याचा प्रघात सार्वजनिक संस्थेनेच पाडला. पुढे तिने बोल्गाटांगा, वा, तामाले, हो आदी विभागीय शहरी केंद्रे काढून आणखी भाषांस तोंड दिले. नझेमा ही एन्क्रुमा ह्यांची मातृभाषा असल्यामुळे तिचा नंबर लागला, असे कोणी हसून म्हणतात. तसे असले तरी त्या भाषेच्या कोळ्यांस वादळाची सूचना आपल्या शब्दांत मिळाली, हे काही वाईट झाले नाही. युद्धाच्या गरजेपोटी चार भाषांनी जे काम सुरू झाले, ते गरज सरल्यावरही चालू राहिले.

ह्यास पैसा लागतो. दूरचित्रवाणी बाळगणाऱ्याने वार्षिक फी द्यावी असा कायदा तेथे १९६६ पासून होता. पण चलनाची किंमत घसरत गेली आणि फी तशीच राहिल्यामुळे ती वर्षास अवघी ३० पेसेवा, म्हणजे एका सेडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, एवढी क्षुल्लक झाली. वसूल करणाऱ्याचा चालण्याचा खर्चही त्यातून निघेना. २०१५ साली ती एका यंत्रास ३६ सेडी ठरविण्यात आली. २०१८ च्या आरंभी फी न देणाऱ्यांवर खटले चालविण्यासाठी खास न्यायालये नेमल्याचे जाहीर होताच मोठी ओरड झाली. घरी डझनावारी वाहिन्या फुकट दिसत असता एकीचे पैसे का द्यावे, असे लोक विचारू लागले. संस्था सरकारधार्जिणी आहे, असाही कित्येकांचा आक्षेप होता, व तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. उलटपक्षी, जी संस्था फी घेणार नाही ती सरकारच्या अनुदानावर किंवा जाहिरातदाराच्या मर्जीवर जगणार, हेही उघड आहे. १९३५ साली अक्रातील ३०० घरांनी लंडनचा आवाज ऐकण्यासाठी महिन्याच्या महिन्यास वर्गणी भरली होती. आपल्या शेजाऱ्याच्या लहान भाषेतील बातमीपत्राचा खर्च कोणी सोसावयाचा, ह्या प्रश्नावर त्या वर्षी अक्राच्या वर्तमानपत्रांत, खाजगी केंद्रांवर, आणि सार्वजनिक नभोवाणीच्या स्वतःच्या कार्यक्रमांतूनही मोठा वाद झाला.